साखर उतरली, पण कशामुळे?

माझ्या पहिल्या ‘बऱ्या झालेल्या’ उंदरांनी मला पीएचडीत सात महिने मागे नेलं. दुसरं वर्ष चालू होतं. डायबेटिक केलेल्या आठ उंदरांमध्ये मी निरोगी उंदरांचे आयलेट, म्हणजे स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पेशींचे गोळे, बसवले होते. दहाव्या दिवशी त्यातल्या पाचांची साखर तीनशेच्या वरून दीडशेच्या आत आली. मी आलेख काढला, लॅब मीटिंगमध्ये पडद्यावर लावला आणि कोणीतरी शाबासकी देईल म्हणून उभी राहिले. सरांनी आलेखाकडे बघून एवढंच विचारलं, “किडनी काढून बघितलीस का?”

नव्हती बघितली.

या क्षेत्रात नवीन असाल तर तो प्रश्न समजून घ्या, कारण पुढची सगळी वर्षं तो वेगवेगळ्या रूपात भेटत राहतो. उंदरात आयलेट बसवायची नेहमीची जागा म्हणजे डाव्या मूत्रपिंडावरचं पातळ आवरण. त्याला बारीकशी चीर द्यायची, बारीक नळीतून आयलेट आत सरकवायचे. नीट बसले की आवरणाखाली फिकट पांढुरका डाग दिसतो. या जागेचा फायदा असा, की नंतर ते मूत्रपिंड आयलेटसकट काढून टाकता येतं. उंदीर एका मूत्रपिंडावर व्यवस्थित जगतो. साखर खरोखर त्या आयलेटांमुळे उतरली असेल, तर मूत्रपिंड गेल्यावर ती एकदोन दिवसांत परत चढायला हवी. माझ्या पाचातल्या तिघांची चढलीच नाही. त्यांच्या स्वतःच्या बीटा पेशी, म्हणजे आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, पुरत्या मेल्याच नव्हत्या. त्या हळूहळू सावरत होत्या आणि श्रेय मी घेत होते.

चूक कुठे झाली ते शोधायला वेळ लागला. उंदीर डायबेटिक करायला स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात. या रेणूचा एक भाग ग्लुकोजसारखा असतो, म्हणून उंदराची बीटा पेशी त्याला आत घेते आणि आतून मरते. पण ते द्रावणात फार टिकत नाही. ४.५ पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये, तेही टोचायच्या अगदी आधी, विरघळवायचं आणि काही मिनिटांत संपवायचं. मी नवखी, हात हळू चालायचा. पहिल्या उंदराला पूर्ण ताकदीचं औषध मिळालं, शेवटच्यांना बहुतेक निम्मंशिम्मं. त्यांची साखर जेमतेम तीनशेवर गेली, सलग दोन दिवस मोजून मी ‘डायबेटिक’ असा शिक्का मारला आणि पुढे गेले.

वाईट याचं वाटतं, की मला सांगितलं गेलं होतं. प्राणिगृहात एक काका होते, पिंजरे साफ करायचे. डायबेटिक उंदीर सतत पाणी पितो आणि सतत लघवी करतो. पिंजऱ्यातला भुसा एका रात्रीत चिकचिकीत होतो. काकांना ग्लुकोमीटर लागायचा नाही. ते म्हणाले होते, “मॅडम, तुमच्या खालच्या रांगेतला भुसा अजून कोरडाच दिसतोय.” मी मान हलवली आणि यंत्रावरचा आकडा वहीत लिहिला. आज माझ्या लॅबमध्ये वहीच्या प्रत्येक पानावर एक रकाना भुशाचा असतो. बाहेरून आलेल्यांना तो विनोद वाटतो.

आता थोडं विषयाबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात पेपरांचा ढीग वाचूनही मूळ चित्र डोळ्यांसमोर येत नाही. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचक रस तयार करतो. त्यात विखुरलेले पेशींचे बारके गोळे म्हणजे आयलेट. माणसाच्या स्वादुपिंडात ते साधारण दहा लाख असतात, पण सगळे मिळून वजनाच्या एक-दोन टक्केच. पॉल लँगरहान्सने १८६९ साली बर्लिनमध्ये आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता आणि ते कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. तसं त्याने काही सुचवलंही नाही. त्याचं मला कौतुक वाटतं.

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आयलेटमधल्या बीटा पेशींवरच उठते. मग बाहेरून नव्या पेशी द्याव्यात, हा विचार इन्सुलिनपेक्षाही जुना आहे. डिसेंबर १८९३ मध्ये ब्रिस्टल इथे पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तीन तुकडे बसवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. इन्सुलिन सापडायला अजून २८ वर्षं होती, त्यामुळे ‘थांबून बघू’ हा पर्याय त्या डॉक्टरांपुढे नव्हता.

खरी अडचण कल्पनेची नव्हती, हातांची होती. दोन टक्के माल अठ्ठ्याण्णव टक्क्यांतून सुटा कसा करायचा? १९६५ मध्ये मोस्कालेव्स्कीने गिनीपिगच्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज हे पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवणारं एन्झाइम वापरून पाहिलं. १९६७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी उंदरांसाठी (म्हणजे मोठ्या उंदरांसाठी, ज्यांना लॅबमध्ये आपण रॅट म्हणतो) पद्धत बसवली. १९७२ मध्ये लेसी आणि बॅलिंजर यांनी अशा आयलेटांनी रॅटचा मधुमेह आटोक्यात आणून दाखवला. आज पीएचडीच्या पहिल्या महिन्यात तुम्ही जे शिकता ते बरचसं तिथूनच आलं आहे.

आणि हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी लॅबमध्ये येणाऱ्याला पहिले सहा महिने दुसरं काहीच करू देत नाही. उंदराची पित्तनलिका आतड्याला मिळते तिथे चिमटा लावायचा, वरच्या बाजूने सुई नलिकेत घालायची आणि दोन-तीन मिली थंड कोलॅजिनेज हळूहळू आत सोडायचं. नलिका केसांहून थोडी जाड. सुई नीट गेली की स्वादुपिंड डोळ्यांदेखत फुगतं आणि पारदर्शक होतं. पहिल्यांदा ते फुगलं त्या दिवशी मी ओरडले होते. नीट फुगलं नाही तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, पण नवीन माणसं हमखास पुढे जातात, कारण तास वाया गेला असं मानायला मन तयार नसतं. मग ३७ अंशांवर पंधराएक मिनिटं, मग हलवणं, मग बर्फगार बफर ओतून एन्झाइम थांबवणं, मग गाळणं, घनतेच्या थरांवर फिरवणं, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक आयलेट पिपेटने वेचणं. चांगला हात असेल तर एका उंदरातून दोनशेच्या आसपास मिळतात.

ती पंधरा मिनिटं मात्र प्रोटोकॉलमध्ये लिहिली आहेत म्हणून पाळायची नसतात. कोलॅजिनेज जिवाणूंपासून काढतात आणि दर लॉटची ताकद वेगळी असते. एक लॉट बारा मिनिटांत काम करतो, दुसरा सतरा मागतो, तिसरा आयलेटच विरघळवून टाकतो. नवा लॉट आला की आधी नमुना मागवा, तीन-चार वेगवेगळ्या वेळांवर चालवून बघा, जमला तर त्याच लॉटच्या बाटल्या राखून ठेवायला सांगा. लॉटची वही वेगळी ठेवा. माझ्या पोस्टडॉकमध्ये एका सहकाऱ्याचं जनुक बंद केलेल्या उंदरांचे आयलेट कमजोर निघतात असं सुंदर निष्कर्षाचं काम चाललं होतं. वही काढली तेव्हा लक्षात आलं, की साधे उंदीर जुन्या लॉटवर झाले होते आणि बदललेले नव्यावर. तो बिचारा तीन दिवस कोणाशी बोलला नाही.

वेचताना घाई करू नका, आणि बशीत गर्दी करू नका. आयलेट प्राणवायूच्या बाबतीत फार लाडावलेले असतात. शरीरात त्यांना त्यांच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त रक्त मिळतं. बाहेर काढलं की रक्तवाहिन्या तुटलेल्या, प्राणवायू फक्त पृष्ठभागावरून झिरपणार. जास्त आयलेट एकत्र पडले, किंवा आयलेट मोठे असले, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या मध्यभागी काळपट गाभा दिसतो. तो मेलेला भाग. कडा छान गोल, चकचकीत, आणि आत काळं. नवीन विद्यार्थी म्हणतात, “मॅडम, दिसायला तर चांगले आहेत.” सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर थोडा बंद करून, म्हणजे उजेड कमी करून, परत बघायला सांगते.

आता मोजणीबद्दल, कारण इथे प्रामाणिक माणसंही फसतात. आयलेट ५० ते ५०० मायक्रॉनपर्यंत कुठल्याही मापाचे असतात, म्हणून नुसती संख्या सांगून उपयोग नाही. १५० मायक्रॉन व्यासाचा एक आयलेट म्हणजे एक एकक धरतात. लॅबमध्ये त्याला आयईक्यू म्हणतात. आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, त्यामुळे ३०० मायक्रॉनचा एक आयलेट आठ एककं होतो. उलट बाजू बघा: डोळ्याने व्यास दहा टक्के जास्त धरला, तर एककं तेहतीस टक्क्यांनी फुगतात. डायथिझोन हा रंग बीटा पेशींमधल्या जस्ताला चिकटतो, आयलेट लालबुंद होतात आणि बाकीचा पसारा पिवळट राहतो. त्या रंगावर दोन माणसांनी एकमेकांना न सांगता मोजायचं. आम्ही दोन्ही आकडे लिहितो, सरासरीसकट. दोघांमध्ये फार फरक आला तर तिसरा माणूस. चौथ्यांदा मोजून मनासारखा आकडा मिळवायचा नाही.

आकडेशास्त्राचं एकच सांगते. एका दात्याच्या स्वादुपिंडातून निघालेले दोनशे आयलेट तपासले, तर तुमचा नमुना दोनशेचा नसतो, एकाचा असतो. रिव्ह्यूअर याच्यावरून पेपर परत पाठवतात आणि बरोबर करतात.

पीएचडीनंतर मी माणसांच्या आयलेटवर काम करणाऱ्या केंद्रात गेले. शक्य असेल तर तुम्हीही जा, निदान वर्षभर. उंदराच्या आयलेटमध्ये बीटा पेशी मध्ये आणि साखर वाढवणारं ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी कडेला अशी शिस्त असते. माणसाच्या आयलेटमध्ये त्या मिसळलेल्या असतात. वागणं वेगळं, औषधांना प्रतिसाद वेगळा. उंदरांवर घडवलेला माझा आत्मविश्वास पहिल्या पंधरवड्यात गळून पडला.

तिथल्या कामाला वेळापत्रक नसतं. दाता मिळाला की फोन येतो, आणि तो का कोण जाणे, रात्रीच येतो. एक रात्र सांगते. साडेअकराला फोन, दोनला बर्फाच्या पेटीतून स्वादुपिंड आलं. दाता चाळिशीतला. एवढंच आम्हाला कळतं, आणि एवढंच पुरे. निर्जंतुक खोलीत कपडे चढवून आम्ही चौघं. चरबी साफ करायची, नलिकेत कॅन्युला, एन्झाइम आत, मग तुकडे करून रिकॉर्डी चेंबरमध्ये. हे कॅमिलो रिकॉर्डी यांनी १९८८ मध्ये मांडलेलं धातूचं भांडं. आत जाळी आणि गोळ्या, भांडं हलत राहतं, द्रव गोल फिरत राहतो आणि सुटलेले आयलेट जाळीतून बाहेर येतात. दर दोन मिनिटांनी एक थेंब काढून डायथिझोन घालून बघायचं. हीच ती जागा जिथे अनुभव लागतो. लवकर थांबवलं तर आयलेट अजून आजूबाजूच्या मांसात रुतलेले, उशीर केला तर त्यांचे तुकडे. निर्णय आमची प्रमुख घ्यायची. ती सूक्ष्मदर्शकावरून डोकं न काढता एक बोट वर करायची, म्हणजे ‘अजून वाट बघा’. बोट खाली म्हणजे ‘आता बंद करा’.

त्या रात्री बोट जरा उशिरा खाली आलं, असं मला आजही वाटतं. कदाचित मी चुकत असेन. सकाळी नऊला मोजणी: दोन लाख चाळीस हजार. पहिल्या ट्रान्सप्लांटसाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला निदान पाच हजार एककं लागतात असा सर्वसाधारण नियम आहे. साठ किलोच्या माणसाला तीन लाख. रुग्ण रुग्णालयात येऊन बसला होता. त्याला घरी पाठवावं लागलं. आयलेट वाया गेले नाहीत. संशोधनाची परवानगी होती, चार लॅबना वाटले. पण त्या दिवशी मी जे काही खाल्लं ते उभ्यानेच, आणि कोणी कोणाशी बोललं नाही. या कामात असे दिवस अपवादाने येत नाहीत. आयसोलेशन, म्हणजे आयलेट सुटे करणं, झालं म्हणजे ट्रान्सप्लांट होईलच असं नसतं, हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते.

जेव्हा आकडा पुरतो, तेव्हा पुढचा भाग दिसायला विलक्षण साधा. आयलेट एका पिशवीत, पिशवी उंच टांगलेली, यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत घातलेली बारीक नळी. गुरुत्वाकर्षणाने ते आत उतरतात आणि यकृतात जाऊन अडकतात. मोठी शस्त्रक्रिया नाही. पण आयलेट थेट रक्तात असे कधी तरंगत नसतात. रक्त त्यांना परकं समजतं, त्यांच्याभोवती गुठळी धरतं, आणि बराच माल पहिल्या काही तासांतच गमावला जातो. स्वीडनमधल्या उपसाला इथल्या गटाने १९९९ च्या सुमारास ही प्रतिक्रिया उलगडून दाखवली. जे तगतात त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत दोनेक आठवडे प्राणवायूची मारामार. त्यानंतर रोगप्रतिकारशक्ती आहेच, एक नव्हे दोन कारणांनी: दुसऱ्याच्या पेशी म्हणून, आणि बीटा पेशी म्हणून. नवीन विद्यार्थ्याला विषय निवडायचा असेल तर मी या साखळीतला एकच दुवा धरायला सांगते. सगळी साखळी धरू पाहणारे प्रबंध मी वाचले आहेत. ते संपत नाहीत.

आता तो किडनीचा प्रश्न परत येतो, मोठ्या मापाने. जुलै २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या गटाने सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सातच्या सात जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं होतं. जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी स्टेरॉइड टाळले होते आणि एकाच रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांचे आयलेट दिले होते. तोवर इन्सुलिन सुटणारे रुग्ण मोजके असायचे, त्यामुळे या बातमीने क्षेत्रात चैतन्य आलं. माझ्या सरांच्या पिढीतले अनेक जण त्या एका पेपरमुळे इकडे वळले. मग २००६ मध्ये नऊ केंद्रांवरच्या ३६ रुग्णांचा अहवाल आला. शेवटच्या ट्रान्सप्लांटनंतर वर्षाने १६ जण इन्सुलिनविना होते, आणि त्या १६ पैकी दोन वर्षांनी ५.

हे आकडे पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थी खचतो. मीही खचले होते. पण पेपर पुढे वाचा. ज्यांना परत इन्सुलिन घ्यावं लागलं त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात सी-पेप्टाइड होतं. इन्सुलिन तयार होताना बीटा पेशीतून सी-पेप्टाइडही बाहेर पडतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून माणसात किडनी काढण्याऐवजी हेच मोजतात: सी-पेप्टाइड आहे म्हणजे बसवलेल्या पेशी जिवंत आहेत. आणि अर्धवट काम करणारे आयलेटसुद्धा साखर अचानक कोसळून बेशुद्ध पडण्यापासून वाचवत होते. ज्या रुग्णांसाठी ही उपचारपद्धत आहे, त्यांच्या जिवाला याच कोसळण्याचा धोका असतो. साखर उतरत असल्याची चाहूलच त्यांना लागत नाही. मग प्रश्न नीट विचारला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यशाची व्याख्या ‘इन्सुलिन सुटलं का’ अशी नव्हती. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) सातच्या खाली आणि साखर गंभीरपणे कोसळण्याचा एकही प्रसंग नाही, अशी होती. वर्षअखेर ४८ पैकी ४२ जण तिथे पोचले. काय मोजायचं हे आधी ठरवलं नाही तर चांगलं काम वाईट दिसतं आणि वाईट चांगलं.

नोकरीच्या बाजूने एक गोष्ट लवकर कळलेली बरी. कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे आयलेट ट्रान्सप्लांट रुग्णालयातली उपचारपद्धत म्हणून चालतं. ब्रिटनमध्ये २००८ पासून ते सरकारी आरोग्यसेवेत आहे. अमेरिकेत मात्र आयलेटना औषध मानलं जातं, आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पहिली मंजुरी जून २०२३ मध्ये लँटिड्रा या दात्यांच्या आयलेटपासून केलेल्या उपचाराला दिली. याचा अर्थ असा, की या क्षेत्रात केवळ संशोधक लागत नाहीत. निर्जंतुक खोली चालवणारे, प्रत्येक बाटलीचा कागद ठेवणारे, गुणवत्ता तपासणारे, नियामकांशी बोलणारे लोक लागतात, आणि त्यातले चांगले लोक बहुतेक आयसोलेशन शिकूनच तिकडे गेलेले असतात. माझ्या तीन विद्यार्थ्यांनी तो रस्ता धरला. प्राध्यापक व्हायचं नाही म्हणजे हरलो, असं त्यांना वाटत होतं. आज त्यांची झोप माझ्यापेक्षा बरी आहे.

मी स्वतः पोस्टडॉकची दोन वर्षं अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या, कॅप्सूलवर घालवली. कल्पना १९८० मधली, लिम आणि सन यांची: आयलेट जेलच्या बारीक गोळीत बंद करायचे, साखर आणि इन्सुलिन आरपार जाईल, पण रोगप्रतिकारक पेशींना आत शिरता येणार नाही. कागदावर इतकी देखणी, की चाळीस वर्षं माणसं तिच्या मागे आहेत. माझ्या उंदरांच्या पोटातून महिन्याने गोळ्या काढल्या तेव्हा त्या एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढरी साय धरलेली. आत प्राणवायूच पोचत नव्हता. एक लहानसा पेपर झाला, बाकी वह्या. काही गटांनी जेलचं रसायन बदलून ही साय टाळण्यात चांगली मजल मारली आहे, तेव्हा हा विषय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. साहित्यशास्त्र येत असेल तर घ्या.

सध्या येणाऱ्या बहुतेकांना मूलपेशींवर काम करायचं असतं, आणि ते स्वाभाविक आहे. दाते कधीच पुरणार नाहीत. २०१४ मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या लॅबने मूलपेशींपासून मोठ्या प्रमाणावर बीटा पेशी बनवून दाखवल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा आयलेटची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षाने इन्सुलिनविना होते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र त्यांना घ्यावीच लागतात. त्याच वर्षी उपसालात दात्याच्या आयलेटची जनुकं बदलून ते आयलेट एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत बसवले, तेही अशा औषधांविना, आणि त्या पेशी इन्सुलिन बनवत राहिल्या. मात्रा लहान होती, रुग्णाचं इन्सुलिन चालूच आहे. दोन्ही बातम्या मी दोनदा वाचल्या, आनंदाने. पण मूलपेशींवर काम करायचं असलं तरी आधी खरा आयलेट हातात धरून बघा. मूळ माल कधी पाहिलाच नाही, तर आपण बनवलेला कितपत त्याच्यासारखा आहे हे कसं कळणार?

लॅब निवडताना वेबसाइटवरच्या फोटोंकडे बघू नका. जा आणि विचारा: आठवड्याला किती आयसोलेशन होतात, ती कोण करतं, नवा लॉट कसा तपासता, ट्रान्सप्लांटनंतर मूत्रपिंड काढून बघता का. शेवटच्या प्रश्नावर गाइड वैतागले तर दुसरी लॅब बघा.

अजून एक, ज्याची तयारी कोणी करून घेत नाही. तुमचं नाव एखाद्या बातमीत आलं की पत्रं येतात. टाइप १ झालेल्या लहान मुलांच्या आयांची असतात बहुतेक. “आमच्या मुलासाठी हे कधी होईल?” सुरुवातीला मी लांबलचक, आशादायक उत्तरं लिहायचे. एका आईने वर्षभराने माझंच वाक्य मला परत पाठवलं, तारखेसकट. आता मी लिहिते ते असं: आज हे मुख्यतः साखर वारंवार धोकादायकरीत्या कोसळणाऱ्या प्रौढांसाठी आहे, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, लहान मुलाला ती औषधं देण्यापेक्षा इन्सुलिन जास्त सुरक्षित आहे, आणि आम्ही काम करतो आहोत. वर्ष लिहीत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नव्या विद्यार्थिनीने पहिली तुकडी पूर्ण केली. सहा उंदीर, सहाही जणांची साखर एकशे वीसच्या आसपास, सलग चाळीस दिवस. ती आलेख घेऊन आली तेव्हा मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “गुरुवारी किडनी काढतेय.” शुक्रवारी सकाळी मी ऑफिसचं कुलूप उघडत होते, तेवढ्यात ती प्राणिगृहाकडून जवळजवळ धावत आली, हातमोजे अजून हातातच. ग्लुकोमीटर घेऊन जायला विसरली होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “सगळ्यांचा भुसा ओला आहे.”